अळीसाठी राखलेल्या ओळी

निंबदऱ्याच्या भगवानरावांचं वावर राळेगावच्या डांबरी रस्त्याला अगदी खेटून होतं, आणि माणसाचा स्वभाव बिघडवायला तेवढं पुरेसं असतं. आतल्या शिवारात ज्याची जमीन, त्याच्या पिकात गवत माजलं काय अन् रानडुकरं शिरली काय, पाहायला जातो कोण? पण भगवानरावांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागूनच एसटी जायची. खिडकीतली माणसं मान वळवून पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं उभं पीक, बघायची, कुणी शेजारच्याला कोपरानं ढोसून दाखवायचं, आणि भगवानराव धुऱ्यावर उभे राहून आपलं लक्षच नाही असं दाखवत आभाळाकडे बघायचे. कर्जबिर्ज त्यांना नव्हतं, विहिरीला पाणी होतं, मुलगी चांगल्या घरी दिलेली होती. वावर पाहण्यासारखं पाहिजे, एवढाच त्यांचा धर्म होता, आणि ह्या धर्मानं शेवटी एका माणसाचा बळी मागितला.

नव्याची हौस तर विचारू नका. वडील देशी कापूस लावायचे. ह्यांनी मिसरूड फुटल्याबरोबर संकरित वाण आणलं. ठिबक गावात आधी ह्यांच्याकडे आलं, आणि पुढं बीटी आलं तेही पहिल्यांदा ह्यांच्याच वावरात. मातीतल्या एका जंतूचा गुण शास्त्रज्ञांनी उचलून सरकीत घातलाय, अळीनं पऱ्हाटी कुरतडली की तिच्या आतड्यांना भोकं पडून ती मरते, हे त्यांनी कंपनीच्या माणसाकडून ऐकलं आणि मग कितीतरी दिवस पारावर दुसरा विषय नव्हता. "आता फवारा कायले? पऱ्हाटीच दवाई झाली, राजेहो!" आणि खरंच, पहिली काही वर्षं बोंडं अशी फुटली की वेचणाऱ्या बायांना ओट्या पुरेनात. गाव भगवानरावांच्या मागं गेलं. प्रत्येक नव्या वाणाचा प्रात्यक्षिक प्लॉट त्यांच्याकडे, त्याची टिनाची पाटी रस्त्याच्या कडेला. वाण जुनं झालं की पाटी गोठ्याच्या कुडाला ठोकली जायची. 'अळीचा काळ', 'अळीचा कर्दनकाळ' अशा पाट्यांनी गोठ्याच्या तीन बाजू भरल्या होत्या. विमलताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, धार काढताना म्हणायच्या, "पह्यल्या पाटीनं अळी मेली असती तं दुसरी कायले लागली असती जी?" भगवानराव ऐकू न आल्याचं सोंग घ्यायचे.

ह्या वावराचे धनी कागदावर भगवानराव असले तरी हात लखीरामचे होते. लखीराम जवळच्या तांड्यावरचा, भगवानरावांकडे सालदार. दर गुढीपाडव्याला साल ठरायचं, आणि दर साली दोघंही नव्यानं ठरल्यासारखं दाखवायचे. पोळ्याला बैल तोच सजवायचा, पेरणीला तिफण तोच धरायचा, आणि एसटी जाताना भगवानराव आभाळाकडे बघत असले तरी लखीराम उघडउघड बसकडे बघून हसायचा. पीक आपलं नाही हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही. "आपल्या पऱ्हाटीवानी पऱ्हाटी राळेगावपर्यंत नाई, मालक," असं तो म्हणायचा, आणि त्यातलं 'आपल्या' भगवानरावांना खटकायचं नाही. त्याची बायको जमनाबाई त्याच वावरात वेचणीला यायची.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात जमनाबाईनंच पहिल्यांदा ओटीतला कापूस भगवानरावांपुढं उघडून दाखवला. पिवळट, चिकटलेला, मधोमध डाग.

"मालक, कवडी निंगून राह्यली."

"थोडीफार निंगतेच."

"थोडी नाई जी. अर्धी ओटी हाय."

गुलाबी बोंडअळीची चाल भारी कपटी. ती केसाएवढी असताना कोवळ्या बोंडात शिरते, आणि मागचं भोक बोंड वाढता वाढता आपोआप बुजतं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, तुकतुकीत. रस्त्यावरून बघणाऱ्याला काय, धुऱ्यावर उभं राहून बघणाऱ्यालाही काही कळत नाही. आत मात्र सरकी पोखरून ती आपलं घर मांडून बसलेली असते. बीटीवर ती जगायलाच नको होती. भगवानरावांनी ती कवडी खिशात घातली आणि कुणाला दाखवली नाही.

पण असली वार्ता वासासारखी पसरते. त्याच महिन्यात यवतमाळहून डॉ. अनघा आल्या. वडील कचेरीत हेडक्लार्क, घरात तीन पिढ्या नोकरीच्या. आणि ही मुलगी कीटकशास्त्र शिकून अळीच्या आतड्यात काय चालतं ह्याच्यावर डॉक्टर झालेली. घरी पाहुणे आले की तिची आई 'शेतीखात्यात आहे' एवढंच सांगायची, अळ्या पाळते हे सांगायची नाही. अनघाबाईंनी भगवानरावांच्या वावरातून हिरवी बोंडं तोडून थंड पेटीत भरून नेली, आणि काही आठवड्यांनी परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पांढरी, झाकणाची तबकडी होती.

भगवानरावांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "मॅडम, नवीन काय येऊन राह्यलं?"

"पुष्कळ चाललंय, काका. अळीच्या अंगातला एकेक जीन वाचून काढतायत. कुठे पतंगच असा बदलतायत की त्याची पिल्लं जगू नयेत. कुठे पानातूनच अळीच्या पोटात असा निरोप पोचवायचा की तिचं शरीर आपलं काम आपणच बंद करेल."

भगवानरावांचे डोळे चमकले. "कधी येते मंग ते?"

"दहा वर्षं. कदाचित जास्त. अळी तोवर थांबणार नाही." त्यांनी झाकण काढलं. "ह्या तुमच्या वावरातल्या. खाली आहे ते हरभऱ्याचं पीठ, आणि त्यात पऱ्हाटीतलंच विष कालवलंय. ह्या केव्हाच मरायला हव्या होत्या."

पिठात गुलाबी अळ्या लोळत होत्या. चांगल्या बाळसेदार. एक तर पीठ सोडून काठावर चढली आणि डोकं इकडेतिकडे हलवत उभी राहिली. इतकी वर्षं त्यांनी गावाला जे सांगितलं होतं ते सगळं त्या तबकडीत मजेत जेवत होतं.

मग अनघाबाईंनी त्यांना सोयरिकीच्या भाषेत समजावलं, कारण त्या भाषेत भगवानरावांना समजत नाही असं काही नव्हतं. विष पचवणारे पतंग अजून थोडे आहेत. अशाची गाठ अशाशीच पडली तर पोरं सगळी विष पचवणारी निघतात. त्याची गाठ साध्या, मरणाऱ्या घरच्या पतंगाशी पडली तर पोरं बहुतेक साधी निघतात, पऱ्हाटी खाऊन मरतात. म्हणून साध्या घरची स्थळं जगवायची. बीटीच्या वावराभोवती चारी बाजूंनी पाच ओळी साध्या कापसाच्या लावायच्या आणि त्या अळीला खाऊ द्यायच्या.

"बियाण्याच्या थैलीत एक छोटी पुडी येते ना, साध्या सरकीची? तिचं काय करता?"

भगवानराव ओशाळं हसले. ती पुडी अख्खं गाव फेकून देत होतं. मेहनत करून अळीचं पीक कोण काढणार?

"येत्या पावसाळ्यात ती पेरा. त्या ओळींवर फवारा मारायचा नाही. फारच झालं तर निंबोळीचा अर्क, बाकी काहीही नाही. मला त्या ओळींतली जिवंत अळी लागणार आहे. मी आजूबाजूच्या गावांना इथं आणून दाखवणार आहे. आणि डिसेंबरात सगळी पऱ्हाटी उपटायची, दुसऱ्या बहराच्या आशेनं उन्हाळ्यापर्यंत फरदड ठेवायची नाही. काका, मी दहा गावांत फिरले तरी माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही केलंत तर लोक करतील."

ही शेवटची गोष्ट भगवानरावांच्या मर्मावर बरोबर बसली. त्यांनी शब्द दिला. विमलताई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ज्वारीत पाखराचा वाटा ठेवतो, तसा अळीचा ठेवाचा. सोपं तं हाय." भगवानराव म्हणाले, "तसंच," पण त्यांचा चेहरा काही तितका सोपा नव्हता. पाखरं वाटा खाऊन उडून जातात. अळी खाते ते रस्त्यावरून दिसतं.

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात लखीरामनं त्या ओळी पेरल्या. त्याला अर्थ समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की तिफण थांबवावी लागली. संध्याकाळी तांड्यावर जाऊन त्यानं जमनाबाईलाही सांगितलं, की मालकानं ह्या साली अळ्यांची पंगत मांडली आहे.

त्या साली पऱ्हाटी विलक्षण वाढली. भाद्रपदात माणूस आत शिरला की डोकं तेवढं दिसायचं. पान काळंभोर, झाडं ओळीत ओळ मिसळून उभी. जुनी माणसं म्हणायची, इतकी वाढ बरी नाही, पण भगवानरावांना त्यातही कौतुकच ऐकू यायचं. आत मात्र काहीतरी सरकत होतं. रस्त्याच्या कडेच्या साध्या ओळींत आधी डोमकळ्या दिसू लागल्या. अळी फुलात शिरली की पाकळ्या रेशमानं आतून बांधून टाकते. फूल उमलतच नाही, पिळलेलं मुटकुळं होऊन राहतं, त्याला डोमकळी म्हणतात. मग पात्या, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळू लागल्या, हिरव्या बोंडांना डाग पडले. काही दिवसांनी लखीराम आतून, बीटीच्या ओळींतून, मूठभर डोमकळ्या घेऊन बाहेर आला आणि मूठ उघडून दाखवली. ह्या वेळी तो हसला नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातून त्याच दिवसांत वाईट बातम्या येत होत्या. फवारताना अमक्या गावचा एक पडला, तमक्या गावच्या एकाला दिसेनासं झालं. अळी मरेना म्हणून लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवत होते. विषाला औषध म्हणायची आमच्याकडची रीत जुनी आहे. उंच पऱ्हाटीत मारलेला फवारा वर जायला वाट नसली की मारणाऱ्याच्याच तोंडावर उतरतो, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना वाटत होतं की ते दुसऱ्याच्या गावात होतं.

शिवारफेरी ठरली. अनघाबाई येणार, खात्याचे लोक येणार, आजूबाजूच्या गावांचे शेतकरी येणार. आदल्या दिवशी सकाळी वामनराव आले. वामनराव म्हणजे भगवानरावांचे व्याही, पुसदकडचे. मोठी शेती, दाराशी गाडी, आणि जीभ अशी की लोक लग्नात त्यांच्या पंगतीला बसायचं टाळत. शिवारफेरी बघायची म्हणून ते मुद्दाम एक दिवस आधी आले होते. धुऱ्यावर गाडी थांबवून ते उतरले, एक डोमकळी तोडून बोटांत फिरवली आणि म्हणाले,

"काय हो व्याही, कापूस लावला का अळ्या पाळून राह्यले?"

"प्रयोग हाय तो. मॅडमचा."

"असन, असन. पन बसमधल्या मान्साले थोडीच मालूम हाय प्रयोग हाय म्हून? मले तं वाटलं, तुमी अंथरून धरलं का काय!"

आणि ते हसले. रस्त्यानं जाणारे दोघे सायकलवाले थांबले, तेही हसले. एवढंच झालं. दुसऱ्या कुणी ते हसून सोडून दिलं असतं. पण व्याह्यापुढं खाली गेलेली मान माणसाला फार दिवस वर करता येत नाही, आणि उद्या त्याच ओळींपुढं अख्खा परिसर उभा राहणार होता. अनघाबाईंना तेच हवं होतं. भगवानरावांना आता ते नकोच होतं.

वामनराव घरात चहा घेत असताना भगवानराव गोठ्यात गेले. त्यांनी ड्रममध्ये एक औषध ओतलं, मग दुसरं. मग कोपऱ्यातली, कुणीतरी राळेगावात हातात टेकवलेली, चिठ्ठी नसलेली तिसरी बाटली. काडीनं ढवळताना त्यांचेच डोळे चुरचुरले.

विमलताई शेणाची पाटी घेऊन दारात उभ्या होत्या. "बाईनं मारू नोका म्हणलं होतं ना?"

"बाईले काय मालूम गावातली इज्जत. आतल्या ओळी तिले पाह्याले हायेत ना? तेवढ्या पाहीन ती."

"अन् उन्ह पाह्यलं का? हवा पाह्यली का?"

"तू चहा पाय त्याहिचा."

लखीरामनं फवारणीचा चायना पंप पाठीवर घेतला, तोंडाला दुपट्टा बांधला. तो एकदा म्हणाला, "मालक, ह्या तं अळीच्या ओळी नाई का?" भगवानराव म्हणाले, "आता नाई." त्यानं पंपाचे पट्टे आवळले. सालदारानं दोनदा विचारायचं नसतं. शिवाय सांगितलंच पाहिजे की त्यालाही त्या ओळींची लाज वाटू लागली होती. एसटी आली की तो हल्ली पाठ करायचा. त्यानं चारी धुरे मारले, एकही ओळ सुटू दिली नाही, मन लावून मारले. हवा उलटी होती. दुपट्टा भिजून तोंडाला चिकटला होता.

संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. विमलताईंनी आंघोळ घातली, चिंचेचं पाणी दिलं.

"मालक, डोये जळून राह्यले," तो म्हणाला.

"उन्ह लागलं तुले. घरी जाय, पडून राय. उद्या येऊ नोको," भगवानराव म्हणाले, आणि खिशातून त्याला मोसंबीसाठी म्हणून काही दिलं. हे त्यांनी मायेनं केलं, ह्यात शंका नाही. दवाखान्यात न्यायचं त्यांच्या मनात आलंही होतं. पण दवाखान्यात पहिला प्रश्न काय विचारतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि वामनराव ओसरीवर बसलेले होते.

सकाळी गाड्या आल्या. माणसं उतरली. धुऱ्यावरच्या ओळी अशा उभ्या होत्या की नजर लागावी. डोमकळी नाही, डागाचं पान नाही. लखीराम आज आला नव्हता, पण काल फवारून झाल्यावर, उलटी होण्याआधी, त्यानं डोमकळ्या आणि खराब पानंही खुडून टाकली होती. लोक वाखाणत होते. "साधं बियाणं, अन् हे असं? मंग बीटी कायले पाह्यजे?" वामनरावांनीही मान डोलावली. भगवानरावांची छाती जरा वर आली.

अनघाबाई ओळींत शिरल्या. त्यांनी एक बोंड फोडलं, दुसरं फोडलं, मग खाली वाकून मातीत पाहिलं. माती मेलेल्या अळ्यांनी, मुंग्यांनी, मधमाश्यांनी भरली होती. वास अजून होता. त्या उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता.

"काका, काय मारलंत?"

सगळे बघत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. "निंबोळीचा अर्क," भगवानराव म्हणाले. "तुमीच सांगतलं होतं."

अनघाबाई पुढं काही विचारणार एवढ्यात जमनाबाई वावरातून, पऱ्हाटीतूनच वाट काढत, धावत आली. डोक्यावरची ओढणी काड्यांत अडकून कुठंतरी राहिली होती.

"मालक, त्याईले दिसून नाई राह्यलं! तोंडातून फेस येऊन राह्यला!"

तो काल इथं फवारत होता हे तिनं सांगायची गरज नव्हती. अनघाबाईंनी भगवानरावांचा दंड धरला. "खरं सांगा. डॉक्टरांना नाव लागेल. नावावर उपचार असतो. कोणतं औषध होतं?"

मला वाटतं, भगवानरावांच्या अख्ख्या आयुष्यात एवढा सोपा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. तीन नावं नव्हे, दोन नावं आणि एक 'माहीत नाही'. पण उजवीकडे वामनराव होते, समोर पाच गावं होती, आणि शब्द तोंडातून निघून गेला होता.

"निंबोळीच होती," ते म्हणाले. "उन्ह लागलं त्याले."

वामनरावांनी आपली गाडी पुढं केली, आणि इथंच सगळं फसलं. गाडी त्यांची म्हणून ते बरोबर. तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं लखीरामच्या पापण्या उघडून पाहिल्या, आणि भगवानरावांना विचारलं, काय फवारलं? व्याही शेजारी उभे. निंबोळीचा अर्क. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, "निंबोळीनं असं होत नाही, नीट आठवा." भगवानरावांनी नीट आठवल्यासारखं केलं आणि पुन्हा तेच सांगितलं. सलाईन लागलं. वाट पाहणं झालं. लखीरामच्या छातीत घरघर सुरू झाली तेव्हा त्याला यवतमाळला हलवलं. वाटेत भगवानरावांच्या खिशातला मोबाइल वाजत होता. घरून फोन. त्यांनी पाहिला आणि वाजू दिला. वामनराव म्हणाले, "उचला ना." ते म्हणाले, "घरून हाय. बायामान्सं घाबरतात." मागच्या सीटवर जमनाबाई लखीरामचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्याचा हात सीटवर काहीतरी चाचपत होता.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात फवारणीवाल्यांच्या खाटा आधीच भरल्या होत्या. कुणाचे हात पलंगाला बांधलेले, कुणी छताकडे बघत कुणाला तरी शिव्या देतंय. तिथल्या डॉक्टरनं विचारायच्या आधीच सांगून टाकावं असं भगवानरावांच्या मनात आलं. खरंच आलं. पण वामनराव अर्ज लिहायला म्हणून पुढं सरकले आणि त्यांनीच सांगितलं, "निंबोळीचा अर्क, साहेब," आणि भगवानराव मान हलवून मोकळे झाले.

तेवढ्यात दारातून विमलताई आल्या, मागं त्यांना खात्याच्या गाडीतून घेऊन आलेल्या अनघाबाई. विमलताईंच्या हातात कापडी पिशवी होती. नवऱ्याकडे न बघता त्या थेट डॉक्टरच्या टेबलापाशी गेल्या आणि तीन रिकाम्या बाटल्या एकेक करून मांडल्या.

"निंबोळी नाई. हे हाय," त्या म्हणाल्या. "तिसरीवर नाव नाई. माह्या घरची हाय."

डॉक्टरनं बाटल्या उचलल्या, वाचल्या, नर्सला हाक मारली, धावपळ झाली. मग तो एकच वाक्य बोलला, कुणाला उद्देशून नाही. "हे सकाळी कळायला हवं होतं." वामनराव खुर्चीवरून उठले, भगवानरावांकडे बघितलं आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले. ज्या माणसापुढं मान राखण्यासाठी हे सगळं केलं, तो माणूस पाठ फिरवून बाहेर गेला.

लखीराम दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही.

अनघाबाई त्या दिवशी बराच वेळ व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा प्रयोग तर गेलाच होता. पुढं त्या साली अख्ख्या जिल्ह्यात बोंडांतून कवडी निघाली, लोकांनी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातले, आणि साध्या ओळी लावल्यानं काही होतं ह्याच्यावर निंबदऱ्यात कुणाचा विश्वास बसला नाही. भगवानरावांच्या धुऱ्यावर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण तेव्हा अनघाबाई प्रयोगाचा विचार करत नव्हत्या. त्या रडत होत्या.

जमनाबाई रडत नव्हती. ती भगवानरावांपुढं येऊन उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. ती ओरडेल, बोल लावेल, तांड्यावरची माणसं गोळा करेल, ह्या सगळ्याची त्यांनी रात्रभर तयारी केली होती. कदाचित त्यांना तेच हवं होतं.

"मालक," ती म्हणाली, "एक इचारू का?"

"इचार."

"त्या ओळी तं अळीसाठीच राखल्या होत्या ना? त्याईनंच मले सांगतलं होतं. हसत होते किती. अळ्याईची पंगत हाय म्हने." ती थांबली. तिला खरंच समजत नव्हतं, आणि समजून घ्यायचं होतं. "मंग त्यावर फवारा कायले मारला?"

भगवानरावांनी तोंड उघडलं. नव्या वाणाबद्दल, जीनबद्दल, पतंगांच्या सोयरिकीबद्दल ते तासभर बोलू शकत होते. ह्या प्रश्नाला त्यांच्याजवळ एकच उत्तर होतं, आणि ते त्यांनी दिलं.

"पाव्हणे येनार होते, जमना."

तिनं ते ऐकलं, आणि पुढं काहीतरी कारण येईल म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.